पाणी अडविणें आणि पाणी वांटणें : खानदेशांतील अनुभवाचें निवेदन

दुष्काळपीडितांस धान्य, चारा व पाणी पोहोंचविण्याच्या कामीं जे सहृदय बंधु व भगिनी द्रव्यसाहाय्य करितात, त्यांच्या मनांत एक प्रश्न सहजच उभा राहतो. आज आमच्या पैशानें गांवच्या वेशींत टँकर आला. पुढच्या चैत्रांत हाच टँकर याच वेशींत पुन्हां उभा राहणार काय? प्रश्न रास्त आहे, आणि अहवालाच्या जमाखर्चांत त्याचें उत्तर सांपडत नाहीं. म्हणून जुन्या खानदेशांतील जळगांव व धुळें या दोन जिल्ह्यांत पावसाचें पाणी राखण्याचे जे उपाय आजवर झाले, त्यांपैकीं कोणते टिकले, कोणते फसले आणि कां, याचें निवेदन येथें थोडक्यांत करीत आहों. देणगीदारांनीं आणि गांवच्या पंचांनीं, दोघांनींहि तें वाचावें, अशी इच्छा आहे.

१. पाऊस किती व तो जातो कोठें

धुळें शहराच्या आसपास वर्षाकांठीं सरासरीनें सुमारें ५५० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो; जळगांवाकडे तो ७०० च्या घरांत जातो. पश्चिमेस साक्रीच्या डोंगराळ भागांत तो याहून अधिक, तर शिंदखेडें, अमळनेर, पारोळें या बाजूस बेभरंवशाचा. हा पाऊस मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांत, आणि त्यांतूनहि मोजक्या सरींत येऊन जातो. एका मोठ्या सरीनें नाला दोन्ही थड्या भरून वाहतो, आणि चौथ्या दिवशीं त्याच नाल्यांत बायका झरा खणीत बसतात.

आतां थोडा हिशोब पाहूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळतें. गांवाचें शिवार १,००० हेक्टर धरिलें आणि पाऊस ५५० मिलिमीटर धरिला, तर त्या शिवारावर वर्षांत ५५० कोटि लिटर पाणी पडतें. त्याच गांवांत २,००० माणसें आहेत आणि प्रत्येकास दररोज ५५ लिटर पाणी द्यावयाचें आहे असें मानिलें, तर वर्षभरास सुमारें ४ कोटि लिटर लागतील. म्हणजे पडलेल्या पाण्याच्या शेकडा एक भागाइतकेंहि नाहीं ! अर्ध्यानें पाऊस कमी झाला तरी हें प्रमाण शेकडा दीडच्या आंतच राहतें. अर्थात् पडणाऱ्या पाण्यापैकीं बरेंच उन्हानें वाफ होऊन जातें, बरेंच पिकें पितात, कांहीं नाल्यावाटे तापीस मिळतें व कांहीं जमिनींत मुरतें. सगळें हातीं लागत नाहीं. तरीहि या आंकड्यांवरून एक गोष्ट उघड होते. पिण्याच्या पाण्याची टंचाई ही निव्वळ आभाळाची करणी नव्हे. जें पाणी हातीं लागतें, त्यावर पहिला हक्क कोणाचा, हें ठरलेलें नसतें म्हणून ती पडते. पुढील सर्व विवेचनाचें सार याच एका वाक्यांत आहे.

२. जुनी फडपद्धति

हें सार आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. पांझरेच्या कांठीं, तसेंच शेजारच्या बागलाणांत मोसम व आरम या नद्यांच्या कांठीं, तीनचारशें वर्षांपासून चालत आलेली फडपद्धति याची साक्ष आहे. कांहीं ठिकाणीं ती आजहि जिवंत आहे.

तिची रचना अशी. नदीच्या पात्रांत बंधारा घालून पाण्याची पातळी उचलावयाची आणि त्याच्या अंगानें कालवा काढावयाचा. हा कालवा दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब असतो. कालव्यांतून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून शेताशेतास पाणी नेणारे सारंग नांवाचे लहान पाट निघतात, आणि अधिक झालेलें पाणी सांडव्यावाटे नदींत परत जातें. भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार भाग पाडलेले असतात. त्या प्रत्येकास फड म्हणतात. एका फडांत एका हंगामास एकच पीक घ्यावयाचें. एका फडांत ऊस असला तर बाकीच्यांत हंगामी पिकें, आणि पाणी पुरणार नसेल तर एखादा फड पडीत. वर्षें उलटतात तशीं पिकें फडाफडांतून फिरत राहतात. त्यामुळें जमिनीचा कस राहतो आणि अति पाण्यानें ती चोपण होत नाहीं.

परंतु या पद्धतीचें खरें बळ बंधाऱ्याच्या दगडांत नसून तिच्या नियमांत आहे. शेतकऱ्याची जमीन सामान्यतः एकाच फडांत नसून थोडी थोडी निरनिराळ्या फडांत असते. त्यामुळें एखादा फड पडीत ठेविला तर तोटा एकट्यादुकट्याच्या माथीं बसत नाहीं, तो सर्वांत वांटला जातो. शेतास पाणी मालक स्वतः देत नाहीं. गांवानें नेमलेला पाटकरी तें ओळीनें देत जातो. पिकाच्या राखणीस जागल्या असतो. हंगामापूर्वीं कालव्याचा गाळ काढण्यास सर्वांनीं हात लावावयाचा, ही रीत. नदीस पाणी कमी दिसलें कीं पंचांनीं बसून कोणता फड भिजवावयाचा व कोणता सोडावयाचा हें ठरवावयाचें. पीक उभें राहिल्यावर भांडण्यापेक्षां पेरणीपूर्वीं ठरविणें बरें, हा या पद्धतीचा शहाणपणा होय.

तिच्यांत उणीव नव्हती असें नाहीं. पाण्याचा वांटा जमिनीस होता, माणसास नव्हता. ज्यास जमीन नाहीं त्यास पाणीहि नाहीं. शिवाय कालमानानें पांझरेच्या वरच्या अंगास लाटीपाडा, मालनगांव अशीं धरणें झालीं, नदीचा प्रवाह पूर्वीचा राहिला नाहीं, आणि विहिरीवर पंप बसल्यावर ज्याला त्याला स्वतंत्र पाणी मिळूं लागलें. पंचांचें बोलावणें मग कोण ऐकतो ? बऱ्याच ठिकाणीं बंधारे राहिले, पण नियम गेला. आणि नियम गेल्यावर बंधारा म्हणजे नदींतील एक दगडी भिंत, एवढेंच.

३. दुष्काळी कामांचा धडा

इ. स. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांतील सरकारी कामांचें सामान्य स्वरूप म्हणजे खडी फोडणें व सडका घालणें. मजुरास पोटापुरती मजुरी मिळाली, पण फोडलेल्या खडीनें पुढल्या दुष्काळास पाणी पुरविलें नाहीं. १९७२ सालच्या मोठ्या दुष्काळांत महाराष्ट्रांत लक्षावधि स्त्रीपुरुष कामावर होते. त्या अनुभवांतून रोजगार हमीची योजना वाढीस लागली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. पाझर तलाव, नालाबांध, शेतांची बांधबंदिस्ती अशा कामांस तिच्यांत महत्त्वाचें स्थान मिळालें. हा पालट निःसंशय हिताचा होता. ज्या हातांनीं उपाशीपोटीं माती वाहिली, त्यांच्याच गांवच्या विहिरींस त्या मातीच्या बांधानें पाणी यावें, यापरतें योग्य काय ?

तथापि हे तलाव सर्वत्र सारखे उपयोगी पडले नाहींत. पाझर तलावाच्या तळाशीं बारीक गाळ बसला कीं पाणी मुरेनासें होतें व उन्हानें उडून जातें. गाळ कोणी काढावयाचा, हें ठरलेलें नसतें. कारण तलाव सरकारचा, असें गांव म्हणतें, आणि पाणी गांवाचें, असें सरकार म्हणतें. वस्तुतः तो गाळ हलक्या रानास सोन्यासारखा असतो. दर दोनतीन उन्हाळ्यांनीं शेतकऱ्यांनीं स्वखर्चानें गाळ वाहून नेला, तर तलाव व शेत दोन्ही सुधारतात. याच तत्त्वावर राज्य सरकारनें २०१७ सालीं धरणांतील गाळ शेतांत नेण्याची योजना काढिली.

१९७२ च्या दुष्काळानें आणखी एक विचार पुढें आणिला. पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं विलासराव साळुंखे यांनीं १९७४ पासून पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या एकरांवर न वांटतां घरच्या माणसांच्या संख्येवर वांटावयाचें, भूमिहीनासहि वांटा द्यावयाचा, आणि उसासारखें फार पाणी पिणारें पीक घ्यावयाचें नाहीं, असे त्याचे नियम होते. फडपद्धतीची जी उणीव वर सांगितली, तिचें हें उत्तर होय.

४. जमिनीच्या पोटांतील पाणी

बंधारा कोठें घालावा, हें ठरविण्यापूर्वीं पायांखालची जमीन जाणली पाहिजे. खानदेशांत ती ठिकठिकाणीं भिन्न आहे. दक्षिण व पश्चिम भागांत काळा पाषाण थरांवर थर असा पसरलेला आहे. त्याच्या वरच्या कुजलेल्या मुरुमांत व भेगांत जेवढें मावेल तेवढेंच पाणी राहतें. तापीच्या दोन्ही अंगांस मात्र गाळाची खोल जमीन आहे. तींत चिकण मातीचे व वाळू-गोट्यांचे थर आलटून पालटून असतात. वाळूच्या थरांत पुष्कळ पाणी मावतें, पण वरची चिकण माती तें खालीं जाऊं देत नाहीं. आणि सातपुड्याच्या अगदीं पायथ्याशीं, चोपडें, यावल, रावेर या तालुक्यांत, दगडगोट्यांचा एक पट्टा आहे. डोंगरांतून उतरणारे नाले या पट्ट्यांत झिरपून जातात आणि खालच्या गाळाच्या थरांस पाणी पुरवितात. याच पाण्यावर रावेर-यावलच्या केळीच्या बागा उभ्या राहिल्या.

या बागांनीं तालुक्यांस संपत्ति दिली हें खरें. परंतु जेवढें पाणी मुरतें त्याहून अधिक उपसलें जाऊं लागलें, आणि सरकारी भूजल-मोजणींत हे दोन तालुके वारंवार अतिउपशाच्या यादींत आले. विहिरी आटल्या तेव्हां बोअर आल्या. बोअर आटल्या तेव्हां त्या आणखी खोल गेल्या. ज्याच्याजवळ पैसा, त्याचा पाईप खोल. लहान शेतकऱ्याची विहीर प्रथम कोरडी. ठिबक सिंचनानें एका झाडास लागणारें पाणी कमी होतें, हा मोठाच लाभ आहे. पण वांचलेल्या पाण्यावर आणखी एकरभर केळी लावली, तर जमिनीच्या पोटांत कांहींच शिल्लक राहत नाहीं. २०२५ च्या मे महिन्यांत महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांच्यांत तापीच्या पुनर्भरणाच्या मोठ्या योजनेचा करार झाला. तापीचें पावसाळी पाणी या भागांत जमिनींत मुरवावें, असा तिचा हेतु आहे. ती योजना सिद्धीस गेली तरीहि उपशाचा नियम लागणारच. गळक्या रांजणांत किती ओतावें ?

धुळें जिल्ह्यांतील शिरपूर तालुक्यांत भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनीं स्थानिक आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळानें २००४ पासून निराळा उपाय केला. नाले रुंद व खोल करावयाचे, वरची घट्ट माती काढून खालच्या झिरपणाऱ्या थरापर्यंत जावयाचें, आणि त्याच नाल्यावर सिमेंटचे बंधारे एकामागून एक अशा ओळीनें बांधावयाचे, कीं वरचा भरला म्हणजे खालचा भरावा. या बंधाऱ्यांस दारें नाहींत; म्हणून दारें बसविण्या-काढण्याची कटकट नाहीं. जेथें नाल्याखालीं वाळू-गोट्यांचे थर होते तेथें विहिरींस पाणी चढलें, आणि "शिरपूर पॅटर्न" हें नांव राज्यभर झालें.

परंतु नांव पसरलें तसें सर्वत्र तारतम्य राहिलें नाहीं. काळ्या पाषाणाच्या मुलखांत नाला वाटेल तेवढा खोल केला, तर त्यांत दिसणारें पाणी बहुधा शेजारच्या विहिरींतूनच पाझरून आलेलें असतें, आणि तें उन्हाच्या तोंडीं उघडें पडतें. शिवाय वरच्या गांवानें नाल्याचा थेंबन् थेंब अडविला, तर खालच्या गांवाचें काय ? जाणत्या भूजलतज्ज्ञांनीं हे आक्षेप घेतले आहेत व ते विचारांत घेण्यासारखे आहेत. शिरपूरचा धडा नाला खोल करा एवढाच नव्हे. खालचे थर पाहून मग खोली ठरवा, हा आहे.

५. बारीपाड्याचें उदाहरण

साक्री तालुक्यांत डोंगराच्या कुशींत बारीपाडा नांवाची आदिवासी वस्ती आहे. जंगल तुटून गेलें होतें, माती वाहून गेली होती आणि बायांस पाण्याकरितां दूर जावें लागे. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें गावकऱ्यांनीं सुमारें १,१०० एकर जंगल स्वतः राखावयास घेतलें. झाड तोडणाऱ्यास दंड, मोकाट चराईस बंदी, हे नियम गांवानेंच केले व गांवानेंच पाळविले. उतारावर चर खणले, नाल्यांत दगडांचे बांध घातले. कांहीं वर्षांनीं विहिरींस उन्हाळ्यांतहि पाणी राहूं लागलें. २०२५ सालीं भारत सरकारनें पवार यांस पद्मश्री दिली.

येथें कामाचा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. अगोदर नियम झाला, मग बांध टिकले. ज्या डोंगरावर गवत व झाडी आहे, तेथें पाऊस पायरी पायरीनें खालीं उतरतो. उघड्या डोंगरावरून तो मातीसह धांवत सुटतो व खालचा बंधारा दोन पावसाळ्यांत गाळानें भरून टाकितो. म्हणून पाणलोटाचें काम माथ्याकडून पायथ्याकडे करावयाचें असतें. पायथ्याकडून माथ्याकडे नव्हे.

६. शेतांत काय करावें

पहिलें धरण म्हणजे शेताचा बांध. नांगरट, वखरणी व पेरणी उतारास आडवी करावी, म्हणजे प्रत्येक सरी लहानसा बंधारा होते. बांधास सांडवा दगडाचा असावा, नाहींतर एकाच पावसांत बांध फुटून वर्षाचें काम जातें.

शेततळ्याविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. वाहून जाणारें पावसाचें पाणी साठवून तें आश्विन-कार्तिकांत पिकास एकदोन वेळां द्यावें, हा शेततळ्याचा खरा उपयोग. परंतु पुष्कळ ठिकाणीं तळ्यांत प्लॅस्टिकचा कागद घालून तें बोअरच्या पाण्यानें भरितात. जमिनीच्या पोटांत सांवलींत असलेलें पाणी वर काढून वैशाखाच्या उन्हांत ठेवणें, असा याचा अर्थ. १,००० चौरस मीटरच्या तळ्याची पातळी उन्हानें दिवसास ८ मिलिमीटर उतरली, तर रोज ८,००० लिटर पाणी हवेंत जातें.

७. घरच्या पाण्याची तजवीज

खानदेशांतील जुन्या धाब्याच्या घरांवर माती पसरलेली असते. त्या छपराचें पाणी पिण्यास योग्य नाहीं. परंतु पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या छपराचें पाणी नीट धरिलें तर उत्तम असतें. ३० चौरस मीटर छपरावर ५५० मिलिमीटर पावसाचें १६,५०० लिटर पाणी पडतें. पांचवा हिस्सा वायां गेला असें धरिलें तरी १३,२०० लिटर हातीं येतें. पांच माणसांच्या घरास पिण्यास व स्वयंपाकास दररोज २५ लिटर लागतात. म्हणजे फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतच्या अवघड १२० दिवसांस ३,००० लिटर पुरेत. एवढी टांकी भाद्रपदांत भरून ठेवणें अशक्य नाहीं.

कृति अशी : छपराच्या कडेस पन्हळ लावावी. पहिल्या एकदोन पावसांचें पाणी सोडून द्यावें, कारण त्यांत धूळ व पांखरांची घाण असते. नंतरचें पाणी वाळू, खडी व कोळसा यांच्या गाळणींतून टांकींत घ्यावें. टांकीवर घट्ट झांकण असावें व तींत उजेड जाऊं नये. तोंडें कापडानें बांधावीं, म्हणजे डांस होत नाहींत. पिण्यापूर्वीं पाणी उकळावें किंवा आरोग्यसेवकाच्या सल्ल्यानें त्यांत क्लोरीन घालावें. टांकी भरल्यावर उरलेलें छपराचें पाणी गाळणखड्ड्यांतून विहिरींत सोडण्यास हरकत नाहीं. पण अंगणाचें, गोठ्याचें किंवा मोरीचें पाणी विहिरींत कदापि सोडूं नये. मोरीचें पाणी परसांतील भाजीस अथवा शोषखड्ड्यास द्यावें.

८. विनंती

वर सांगितलेल्या सर्व अनुभवांचें तात्पर्य एवढेंच. पाणी अडविणें हें अर्धें काम. राहिलेलें अर्धें म्हणजे तें वांटणें. पहिलें काम यंत्र एका महिन्यांत करितें; दुसरें माणसांनीं दरवर्षीं करावें लागतें. कायदा आपल्या बाजूस आहे. सार्वजनिक पेयजलाच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आंत नवी विहीर खणण्यास १९९३ च्या कायद्यानें निर्बंध घातला, आणि भूजलाविषयींचा व्यापक कायदा १ जून २०१४ पासून अंमलांत आला. परंतु गांवानें मनावर घेतलें नाहीं, तर कायदा कपाटांतच राहतो.

म्हणून देणगीदारांस सादर विनंती आहे कीं, उपाशी माणसास अन्न, तान्हेल्या गुरास पाणी व चारा देतांना कोणतीहि अट घालूं नये. तें देणें बिनशर्त असावें. परंतु बंधाऱ्यास, नाल्याच्या कामास किंवा तलावाच्या गाळास पैसा देतांना गांवास चार प्रश्न अवश्य विचारावे. पहिला : पिण्याच्या पाण्याची विहीर कोणती, आणि तिच्या आसपासचा उपसा कोणत्या महिन्यापासून थांबेल ? दुसरा : दसऱ्याच्या सुमारास विहिरींची पातळी मोजून रब्बीस किती पेरावयाचें, हें ग्रामसभा ठरवील काय ? तिसरा : ज्यास जमीन नाहीं त्याचा या पाण्यांत वांटा काय ? चौथा : गाळ कोण काढील, आणि खालच्या गांवास किती पाणी सुटेल ?

या चार प्रश्नांचीं उत्तरें ग्रामसभेच्या वहींत लिहिलीं जावींत व वाचून दाखविलीं जावींत. ज्या गांवानें तीं लिहिलीं, तेथें दिलेला रुपया मातीखालीं पाणी होऊन राहील. ज्या गांवास तीं लिहावयाचीं नाहींत, तेथें बंधारा बांधिला तरी टँकरच्या भाड्याची रक्कम पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकांत ठेवावीच लागेल.